सभेत विचारलेला प्रश्न



चातुर्मास आला की आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात पोथी लागत असे. रात्रीची जेवणे उरकली, गुरांना वैरण टाकून झाली, की एकेक जण घोंगडी खांद्यावर टाकून येई. चौरंगावर श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' असे. एक जण ओवी वाची, दुसरा तिचा अर्थ सांगे. चौसष्ट अध्यायांचा ग्रंथ. रोज एक अध्याय म्हटला तरी दोन महिने सहज जात. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. द्यूताचा प्रसंग आला की देवळात अगदी शांतता पसरे. बायका पदराने डोळे टिपत. मग भगवंत धावून येत, द्रौपदीला वस्त्रे पुरवीत, आणि सगळ्या देवळातून सुटकेचा निःश्वास निघे. आरती होई, खडीसाखर वाटली जाई आणि मंडळी आपापल्या घरी जात.

एका वर्षी आरतीनंतर पायरीवर बसलेली एक म्हातारी पोथी सांगणाऱ्या बुवांना म्हणाली, "देव आला ते लई बरं झालं, बुवा. पण तिथं बसलेली एवढी मोठमोठी माणसं काय करत होती?" बुवा हसले आणि म्हणाले, "आजी, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी पोथी पुढच्या अध्यायावर गेली. म्हातारीचा प्रश्न पायरीवरच राहिला.

आज मला त्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. महाकाव्य किंवा कादंबरी लक्ष देऊन वाचल्याने जीवनाविषयी काय कळते, हा आजचा विषय. वाचनाने ज्ञान वाढते, भाषा सुधारते, घटकाभर करमणूक होते, हे सर्व खरे आहे आणि शाळेच्या निबंधात आपण ते लिहीत आलो आहोत. पण मला वाटते, चांगला ग्रंथ याहून एक वेगळे काम करतो. तो आपल्याला एका सभेत नेऊन बसवतो, आपल्या देखत तेथे एक प्रश्न विचारला जातो, आणि मग तो ग्रंथ आपल्याकडे पाहत राहतो. दोन ग्रंथांच्या आधारे हे सांगतो. एक सर्वांच्या ओळखीचा, महाभारत. दुसरा हरिभाऊ आपट्यांची एक कादंबरी.

आपल्या महाराष्ट्रात महाभारत संस्कृतातून थोड्यांनीच वाचले. बहुतेकांनी ते मराठीतून ऐकले. एकनाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर. त्याने सतराव्या शतकात रचलेल्या भारतातील काही पर्वे आज आपल्या हाती आहेत आणि सुदैवाने त्यांत सभापर्व आहे. श्रीधरस्वामींनी १७१२ साली 'पांडवप्रताप' पूर्ण केला. त्यानंतर बारामतीच्या मोरोपंतांनी सगळे भारत आर्या वृत्तात आणले. छापखाना नव्हता त्या काळात हे ग्रंथ हाताने उतरवले गेले, कापडात बांधून घरोघर ठेवले गेले आणि देवळात, वाड्यात, ओसरीवर वाचले गेले. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याच्या कानांवरही भीष्म आणि विदुर पडले. ही काही लहान गोष्ट नव्हे. खेड्यातल्या माणसाला न्यायाची भाषा शिकवण्याचे पुष्कळसे काम या पोथ्यांनी केले.

आता त्या सभेत चला. युधिष्ठिर द्यूतात राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावून तिलाही हरला. दुर्योधनाने तिला आणायला प्रातिकामी नावाचा एक सूत पाठवला. आपण पोथी घाईने ऐकतो तेव्हा या माणसाकडे आपले लक्षही जात नाही. पण सारे प्रकरण येथेच सुरू होते. द्रौपदी त्याच्याबरोबर जात नाही आणि रडतही नाही. ती त्याला म्हणते, परत जा आणि त्या जुगाऱ्याला विचारून ये, की तू आधी स्वतःला हरलास की मला?

पाहा, काय प्रश्न आहे! जो स्वतःच दास झाला, त्याच्या मालकीचे काय उरले? आणि मालकीचे काही उरले नाही, तर त्याने दुसऱ्याला पणाला कसे लावले? एखाद्या कसलेल्या वकिलाने विचारावा असा हा प्रश्न ती एका निरोप्याच्या तोंडून भर सभेत पाठवते. निरोप्या जातो, विचारतो. युधिष्ठिर काहीच बोलत नाही. मग दुःशासन जातो आणि तिला केसांना धरून फरफटत आणतो. सभेत उभी राहूनही ती तोच प्रश्न विचारते.

आता एकेकाचे तोंड पाहा. भीष्म म्हणतात, धर्म फार सूक्ष्म आहे. ज्याच्याजवळ काही उरले नाही त्याला दुसऱ्याचे धन पणाला लावता येत नाही हे खरे, पण पत्नीवर पतीची सत्ता असते हेही खरे. म्हणून मला निर्णय देता येत नाही. भीम संतापतो, पण थोरल्या भावावर. आणि अर्जुन त्याला आवरतो. द्रोण, कृप बसून आहेत. धृतराष्ट्राच्या शंभर मुलांपैकी एकटा विकर्ण उभा राहतो आणि म्हणतो, ही जिंकली गेलेली नाही. कर्ण त्याला पोर म्हणून गप्प बसवतो. विदुर तेवढा बोलतो, आणि सभासदांना एक जुनी गोष्ट सांगतो.

प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा नावाचा ब्राह्मण यांच्यात श्रेष्ठ कोण याचा वाद लागला. दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाडा करायला ते प्रल्हादाकडेच आले. बाप पेचात पडला. त्याने कश्यपाला विचारले, की प्रश्नाचे उत्तर ठाऊक असून जो देत नाही त्याचे काय होते? कश्यपाने सांगितले, की तो वरुणाच्या हजार पाशांनी बांधला जातो, आणि सभेत अधर्म घडत असता गप्प बसणाऱ्यांच्या वाट्याला त्या पापाचा भाग येतो. प्रल्हादाने पोटच्या मुलाविरुद्ध निकाल दिला. सुधन्व्याने प्रसन्न होऊन त्या मुलाला जीवदान दिले, हा पुढचा भाग.

ही गोष्ट ऐकूनही हस्तिनापुरच्या सभेत कोणी तोंड उघडत नाही. पुढे अपशकुन होतात, धृतराष्ट्र घाबरतो, द्रौपदीला वर देतो. ती पहिल्या वराने युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना. तिसरा वर ती मागत नाही. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर? ते महाभारतात सभेने कधीच दिले नाही. ज्याला आपण भारतीय युद्ध म्हणतो, ते एका अर्थी या न दिलेल्या उत्तराचे व्याज आहे. बरे, बोलला तो विकर्ण तरी वाचला का? तोही कौरवांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. एकदा खरे बोलून माणूस सुटत नाही, एवढे व्यासांनी आपल्याला बजावून ठेवले आहे.

आता म्हातारीच्या प्रश्नाकडे वळतो. हा प्रश्न पुण्यातल्या विद्वानांसमोरही वेगळ्या वाटेने आला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली पुण्यात स्थापन झाले आणि १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले गेले. देशभरातून हस्तलिखिते जमवायची, काश्मीरची शारदा लिपीतली, बंगालची, नेपाळची, केरळची मल्याळम लिपीतली. त्यांतला श्लोक न् श्लोक एकमेकांशी ताडून पाहायचा, आणि सर्वांत जुना पाठ कोणता असावा हे ठरवायचे. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर या कामाचे प्रमुख झाले. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. सुखठणकर १९४३ मध्ये वारले, पण काम थांबले नाही. १९६६ मध्ये ते पुरे झाले. म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे! बाराशेंहून अधिक हस्तलिखिते या कामात पाहिली गेली. लक्षपूर्वक वाचन म्हणजे काय, याचा एवढा मोठा नमुना आपल्या देशात दुसरा क्वचितच सापडेल. एका पिढीने सुरू केलेला ग्रंथ दुसऱ्या पिढीने वाचून संपवला.

सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले आणि ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर असे आढळले, की वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरवली, हे श्लोक सर्व प्रतींत सारखे नाहीत. म्हणून ते मूळ पाठात न घेता तळटीपांत गेले. मूळ पाठात वस्त्रामागून वस्त्र निघत राहते एवढेच आहे. ते कोणी पुरवले हे सांगितलेले नाही.

गैरसमज नको. श्रीधरस्वामींची भक्ती यामुळे कमी ठरत नाही. भक्ताने देवाचे नाव तेथे घातले, कारण ते घातल्यावाचून त्याला राहवले नाही. पण देव इतक्या लवकर आला की आपले लक्ष बसलेल्या माणसांवरून उडते. निःश्वास टाकून आपण घरी जातो. जुना पाठ तेवढी सवड देत नाही. तेथे ती बाई आहे, तिचा प्रश्न आहे आणि मान खाली घालून बसलेले थोर पुरुष आहेत. आमच्या गावच्या त्या निरक्षर म्हातारीने भांडारकर संस्थेचे नावही ऐकले नव्हते. तरी तिचे बोट नेमके त्याच जागेवर पडले होते. लक्ष देऊन ऐकणे हे पदवीवर अवलंबून नसते, हे मी तेव्हापासून मानतो.

महाभारताची सभा राजवाड्यातली आहे. आपल्यासारख्यांच्या माजघरात असा प्रसंग कसा घडतो, हे दाखवायला कादंबरी यावी लागली. आपल्याकडे कादंबरी तशी उशिरा आली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे, विधवांच्या दुःखाविषयीचे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. पण कायदा कागदावर आणि विधवा अंधाऱ्या खोलीत, अशी स्थिती पुढे कितीतरी वर्षे राहिली. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे लहानसे पुस्तक लिहिले आणि पुराणांतल्या कथांनाच उलट प्रश्न विचारले: बाईला जे दोष लावता, ते पुरुषांत आणि देवांत नाहीत काय? पोथी लक्ष देऊन ऐकणारी बाई काय करू शकते, हे त्या पुस्तकाने दाखवले.

मग १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमाक्रमाने येऊ लागली. १८९३ पर्यंत ती चालली. या नावाकडे नीट पाहा. कादंबरीचे नावच एक प्रश्न आहे, आणि तो वाचकालाच विचारलेला आहे. द्रौपदीने सभेला विचारले. हरिभाऊंनी अंक हातात घेऊन बसलेल्या प्रत्येकाला विचारले.

ही कथा यमू स्वतः सांगते. लहानपण, माहेर, लग्न, सासर, मायाळू नवरा, त्याने लावलेली वाचनाची गोडी, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, मग नवऱ्याचा मृत्यू आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. हे सांगायला दोन ओळी पुरल्या. पण हरिभाऊंनी शेकडो पाने घेतली. का घेतली? कारण त्यांना केवळ अत्याचार दाखवायचा नव्हता. रोजचे घर दाखवायचे होते. त्या घरात शंकरमामंजींसारखा ढोंगी माणूस आहे, पण सारे घर काही राक्षसांचे नाही. बहुतेक माणसे चारचौघांसारखी आहेत. कोणी रीत म्हणून बोलते, कोणी भीतीने गप्प बसते, कोणाला वाईट वाटते पण 'आपण कोण सांगणारे?' म्हणून ते बाजूला होते. यमूची आई जाते आणि तिचे वडील पुन्हा लग्न करतात. यमूचा नवरा जातो आणि तिचे केस जातात. हरिभाऊ या दोन गोष्टी शेजारी ठेवून व्याख्यान देत नाहीत. त्या कादंबरीत दूरदूर आहेत. लक्ष देऊन वाचणाऱ्याने त्या आपल्या मनात शेजारी आणायच्या. घाईने वाचणाऱ्याला एक दुःखी कथा मिळते. सावकाश वाचणाऱ्याच्या हाती एक तराजू येतो.

त्या वर्षांत बाहेर काय चालले होते, तेही ध्यानात घ्या. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. विवाहितेच्या संमतीचे वय दहावरून बारा केले, एवढ्यावर पुण्यात प्रचंड वादळ उठले. तत्पूर्वी, १८९० मध्येच, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींची सभा भरली आणि विधवांचे केस आम्ही कापणार नाही, असे त्या सभेने ठरवले. केशवपनाची चाल मुख्यतः ब्राह्मणांची आणि काही वरच्या मानलेल्या जातींची. वस्तरा मात्र यांच्या हातात. शास्त्री-पंडित सूक्ष्म धर्माचा काथ्याकूट करीत होते, तेव्हा या कष्टकरी माणसांनी वस्तरा खाली ठेवला. हस्तिनापुरच्या सभेला जे जमले नाही, ते या सभेने केले. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, ग्रंथ वाचला म्हणजे माणूस आपोआप बोलू लागतो असे नाही, आणि ग्रंथ न वाचलेला गप्पच बसतो असेही नाही. ग्रंथ आपल्याला आपली जागा दाखवतो. उठायचे की नाही, ते आपले आपण ठरवायचे.

त्याच १८९३ साली पुण्यात आणखी एक गोष्ट घडली. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला गेला. आनंदीबाईंनी उतारवयात आपली जीवनकथा सांगितली. तिचे नाव त्यांनी काय ठेवले असेल? 'माझे पुराण'. इतकी शतके बायकांनी व्यासांची, श्रीधरांची पुराणे ऐकली; एका बाईने आपल्याच आयुष्याला पुराण म्हटले. या दोन शब्दांत केवढा प्रवास आहे!

याच कर्व्यांच्या घरात सून म्हणून आलेल्या इरावतीबाईंनी चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून महाभारतावर लेख लिहिले. 'युगान्त' हे त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये निघाले आणि १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मौज अशी, की द्रौपदीने सभेत तो प्रश्न विचारला हे इरावतीबाईंना चुकीचे वाटते. असल्या भयंकर वेळी पंडितासारखा कायद्याचा काथ्याकूट न करता तिने दयेची हाक द्यायला हवी होती, अशी त्यांची भूमिका. मला ती पटत नाही. मला वाटते, तो प्रश्न हेच तिच्याजवळ उरलेले एकमेव शस्त्र होते. दया मागितली असती तर सभेने कदाचित दया केली असती, पण आपण अन्याय करतो आहोत हे तिला कधी कळले नसते. पण इरावतीबाईंशी मनातल्या मनात भांडता भांडता मी सभापर्व तीनदा वाचले. चांगल्या वाचकाशी मतभेद झाला तरी आपला तोटा होत नाही. आपण पुन्हा ग्रंथाकडे जातो.

येथवर मी पुस्तकांविषयी बोललो. आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगू नये असे वाटत होते, पण ती वगळली तर आजचे हे बोलणे पोकळ राहील.

वडील गेल्यानंतर आमच्या चार एकरांची वाटणी निघाली. आम्ही दोघे भाऊ आणि थोरली बहीण. बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचे, हे कोणी न बोलताच ठरले होते. आमच्याकडे तशी रीतच आहे. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून बहिणी सही करतात. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि साऱ्या देशाला तो २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, हे मला ठाऊक होते. मी एम. ए. झालेला, महाविद्यालयात शिकवणारा. मला ठाऊक नसून कसे चालेल?

तालुक्याला जाण्याच्या आदल्या दिवशी ओसरीवर सगळे बसलो होतो. चुलते होते, मामा होते, गावातली दोन जाणती माणसे होती. ताई चहा घेऊन आली, कपबशा खाली ठेवल्या आणि उभ्यानेच म्हणाली, "मला एक सांगा. माझं नाव सातबाऱ्याला चढलंच कधी होतं? जे मला कधी दिलंच नाही, ते मी सोडायचं कसं?"

तिने सभापर्व वाचलेले नव्हते. पण मी वाचलेले होते, आणि मी दचकलो. कायद्याचे उत्तर सोपे होते: आधी वारसनोंद, मग हक्कसोड. पण तिने ते विचारलेच नव्हते. चुलते म्हणाले, "अगं, कागदाचं असतंय ते." थोरला भाऊ जमिनीकडे पाहत राहिला. मामांनी पाऊसपाण्याचा विषय काढला. आणि मी? मी कपातल्या चहाकडे पाहत होतो. मनात म्हणत होतो, प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे, दोन्ही बाजू आहेत, आत्ता बोलून घरात तेढ कशाला? म्हणजे शब्दशः भीष्मांचेच उत्तर; फक्त भीष्मांनी ते मोठ्याने तरी दिले.

दुसऱ्या दिवशी ताईने सही केली. आठवडाभराने मी वर्गात सभापर्वावर व्याख्यान दिले. ते चांगले झाले असे मुले म्हणाली. तास संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही त्या सभेत असता तर काय केलं असतं?" मी तिला म्हणालो, "उद्या सांगतो." आणि तोंडातून शब्द निघताक्षणी मला देवळातले बुवा आठवले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, "मी त्या सभेत होतो. मी गप्प बसलो." बाकी काही सांगितले नाही. दिवाळीत ताईकडे गेलो. म्हणालो, "ताई, त्या दिवशीचा तुझा प्रश्न बरोबर होता." तिने माझ्या ताटात करंजी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "हे ओसरीवर बोलला असतास तर?" नोंदलेले हक्कसोडपत्र नोंदलेलेच आहे. ताई अजून माहेरी येते, भाऊबीज करते, आणि तो विषय काढत नाही. माझ्या मनातून मात्र तो जात नाही.

मग वाचून काय उपयोग झाला, असे तुम्ही विचाराल. रास्त आहे. वाचनाने मला त्या दिवशी बोलते केले नाही. पण मी काय केले हे माझ्यापासून लपू दिले नाही. सभापर्व वाचले नसते, यमूची हकीकत वाचली नसती, तर तो एक साधा घरगुती व्यवहार म्हणून मी विसरून गेलो असतो. घरात तंटा झाला नाही म्हणून स्वतःवर खूशही झालो असतो. ग्रंथाने ती सोय काढून घेतली. आणि त्यानंतर अशा दोन-तीन ओसऱ्यांवर, आवाज थोडा कापत असला, तरी मी बोललो आहे. दर वेळी उपयोग झाला असे नाही. विकर्णाचाही झाला नव्हता.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना यावरून एक विनंती करावीशी वाटते. मुलांना महाभारतातला उतारा किंवा एखाद्या कादंबरीतला प्रसंग शिकवताना 'यावरून काय बोध मिळतो?' हा प्रश्न जरा मागे ठेवा. तो आला की मुले पाठ केलेले एक वाक्य देतात आणि मोकळी होतात. त्याऐवजी विचारा, या प्रसंगात कोण कोण हजर आहे? त्यांतले कोण बोलले, कोण बोलले नाही? जो बोलला नाही त्याला काय वाटत असेल? भीष्माच्या जागी बसून पाहा, प्रातिकामीच्या जागी उभे राहून पाहा. यमूच्या घरातल्या प्रत्येक माणसाला एकेक वाक्य बोलायला लावा. मुले जी उत्तरे देतील, ती ऐकून तुम्ही चकित व्हाल. कधी कधी तुम्हाला ती घरी घेऊन जावी लागतील, ही तयारी मात्र ठेवा.

आणि गावोगावच्या मंडळींना एवढेच सांगणे, की चातुर्मासात पोथी लागत असेल तर ती चालू ठेवा. लागत नसेल तर पुन्हा लावा. सोबत एखादी चांगली कादंबरीही ग्रामपंचायतीच्या वाचनालयातून आणा आणि रात्री चार पाने मोठ्याने वाचा. घाई करू नका. अध्याय संपला पाहिजे असा काही नियम नाही. आणि आरती झाल्यावर पायरीवरची एखादी म्हातारी काही विचारू लागली, तर 'उद्या सांगतो' म्हणू नका. खडीसाखर वाटण्याआधी खाली बसा आणि तिचे बोलणे पुरते ऐकून घ्या.